किल्लीचं खिशातलं घड्याळ: सोलापुरात राहून हा नाद कसा लावून घ्यायचा

आमच्या घरी चादरीचे माग होते. पूर्व भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पहाटे खटखट चालू झाली की रात्रीपर्यंत तीच, झोप पण त्यातच आणि अभ्यास पण त्यातच. मागाच्या डोक्यावर जेकार्ड असायचं, त्यातनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहायची, एकेक पुठ्ठा पुढं यायचा, जिथं भोक तिथली सुई आत, जिथं भोक नाही तिथली सुई मागं, आणि त्यावरनं कुठला धागा उचलायचा ते ठरायचं. खाली चादरीवर मोर उमटायचा. तो मोर त्या वेळी कुणी काढत नव्हतं, तो पुठ्ठ्यात आधीच होता.

हे घड्याळाच्या लेखात कशाला, तर नवी पेठेजवळच्या एका बोळात घड्याळं दुरुस्त करत बसणाऱ्या चाचांनी मला एकदा एक जुनं खिशातलं घड्याळ मागून उघडून दाखवलं, भिंग डोळ्याला लावायला दिलं, आणि आत बघितल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं जेकार्ड. आत नखाएवढी एक पितळी चकती होती, तिच्या कडेला पायऱ्या कापलेल्या, गोगलगायीच्या शंखासारखी दिसणारी. चाचा म्हणाले, "काटे बघू नको बाळा, काट्याला काय कळतंय. ह्या पायऱ्या बघ, किती वाजले ते ह्यांना माहीत असतंय." त्यांनी घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीच्या, बाजूची एक खिटी सरकवली आणि सोडली. घड्याळानं जाड आवाजात चार ठोके दिले आणि मग डिंग-डाँग, डिंग-डाँग. एक डिंग-डाँग म्हणजे पाव तास, साडेचार वाजून गेले होते. सेल नाही, चिप नाही, आणि हे यंत्र शंभरेक वर्षांपूर्वीचं.

तेव्हापासून हा नाद लागलाय. त्यानंतर जे काही शिकलो, चुकलो आणि पैसे घालवून कळलं ते इथं लिहितोय, कुणाला अशी घड्याळं आवडत असतील किंवा घरात आज्जाचं एखादं पडून असेल तर उपयोग होईल.

आधी भानगड काय आहे ते समजून घ्या

वेळ दाखवण्याशिवाय घड्याळ जे जास्तीचं काम करतं त्याला ह्या लाईनीत कॉम्प्लिकेशन म्हणतात. तारीख, वार, चंद्राची कला, स्टॉपवॉच, ठोके देणं, हे सगळं त्यात आलं. साध्या घड्याळाचं मशीन सगळ्यांचं साधारण सारखंच, मेनस्प्रिंगमध्ये किल्लीनं ताकद भरायची, ती चाकांतनं पुढं जाते, आणि शेवटी बॅलन्स (मागंपुढं झोके घेणारं गोल चाक) आणि हेअरस्प्रिंग (त्याला परत ओढणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) ती थेंबाथेंबानं सोडतात. जुन्या खिशातल्या घड्याळात बहुतेक तासाला १८,००० टिकटिक असतात, म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार. कॉम्प्लिकेशन म्हणजे ह्या टिकटिकीवर अजून यंत्रं बसवायची आणि सगळ्यांनी त्याच एका स्प्रिंगवर, किंवा जोडीला दिलेल्या बारक्या स्प्रिंगवर चालायचं.

आता मला सगळ्यात भारी वाटणारं सांगतो, पर्पेच्युअल कॅलेंडर. ह्या घड्याळाला कुठला महिना ३० चा, कुठला ३१ चा, फेब्रुवारी कुठल्या वर्षी २९ चा हे माहीत असतं. कसं, तर आत एक चकती असते, ४८ महिन्यांची, चार वर्षांत तिचा एक फेरा होतो. ३१ दिवसांच्या महिन्याला कडेवर खाच नाही, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्यापेक्षा जराशी कमी खोल. महिना संपताना एक दांडा त्या कडेवर टेकतो, जेवढा खाली जाईल तेवढ्या जास्तीच्या तारखा ओलांडून काटा एकवर येतो. बस्स एवढंच. कुणीतरी कानसनं घासून चार वर्षांचं कॅलेंडर पितळात लिहून ठेवलंय. भोक आहे का नाही ते सुईनं बघायचं, खाच किती खोल आहे ते दांड्यानं बघायचं, आमच्या पुठ्ठ्यात आणि ह्यात मला तर काहीच फरक वाटत नाही. इंग्लंडच्या थॉमस मजनं असं खिशातलं घड्याळ १७६२ च्या सुमाराला केलं होतं. अशी घड्याळं २१०० साली चुकणार, कारण ते साल चारनं भागलं जातं पण लीप वर्ष नाही, तेव्हा १ मार्चला कुणीतरी हातानं तारीख पुढं करावी लागणार.

टूर्बियाँ हा शब्द पण सारखा ऐकाल. आजकाल मनगटी घड्याळात तो शोभेला जास्त असतो पण मुळात तो खिशासाठीच होता हे लक्षात घ्या. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं राहतं, त्यामुळे बॅलन्समध्ये जरासा जरी असमतोल असला तरी गुरुत्वाकर्षण एकाच बाजूनं ओढत राहतं आणि घड्याळ रोज एकाच दिशेनं चुकतं. पॅरिसच्या ब्रेगेनं काय केलं, तो बॅलन्सचा अख्खा संसारच एका बारक्या पिंजऱ्यात बसवून फिरता ठेवला, साधारण मिनिटाला एक फेरा, म्हणजे चूक सगळ्या बाजूला वाटली जाते आणि फिटते. त्याचं पेटंट १८०१ चं. आणि जेकार्डचा माग फ्रान्समधलाच, १८०४ चा. एकाच देशात तीन वर्षांच्या आत ह्या दोन गोष्टी झाल्या हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

ह्याच ब्रेगेकडं १७८३ मध्ये राणी मेरी आंत्वानेतसाठी एक घड्याळ सांगितलं गेलं, त्या काळात माहीत असलेली सगळी कॉम्प्लिकेशन त्यात घाला म्हणून. राणीला १७९३ मध्ये मारलं, ब्रेगे १८२३ मध्ये वारला, घड्याळ पुरं झालं १८२७ मध्ये. पुढं १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या म्युझियममधनं चोरीला गेलं आणि वीसपेक्षा जास्त वर्षांनी सापडलं. न्यूयॉर्कच्या हेन्री ग्रेव्हज नावाच्या बँकरसाठी स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलीप कंपनीनं १९३३ मध्ये २४ कॉम्प्लिकेशनचं घड्याळ दिलं, ते २०१४ मध्ये लिलावात जवळपास २४० लाख डॉलरला गेलं. आणि हे जुन्या काळातच संपलं असं समजू नका, तिथल्याच व्हाशेरॉन कॉन्स्टंटिन कंपनीनं २०१५ मध्ये ५७ कॉम्प्लिकेशनचं खिशातलं घड्याळ केलं, त्यात ज्यू लोकांचं कॅलेंडर आहे, आणि २०२४ मध्ये ६३ चं, त्यात चिनी पंचांग. ह्या दोन्ही कॅलेंडरात आपल्यासारखाच मधनंमधनं जास्तीचा महिना येतो, ते सगळं गियरमध्ये बसवलंय. आपल्या तिथी अशा चाकांवर फिरताना बघायला मिळाव्यात अशी माझी फार इच्छा आहे.

मग फोन असताना हे कशाला

हा प्रश्न घरचेच विचारतात. खरं सांगायचं तर अचूक वेळेसाठी नाहीच. साधं क्वार्ट्झचं घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, त्याच्यापुढं आमच्या ५ टिकटिकींची काय बरोबरी. फोनमध्ये तारीख, चंद्र, अलार्म सगळं फुकट मिळतं. पण फोनला विचारलं तर तो नुसतं उत्तर देतो, ते कुठनं आलं हे उघडून बघता येत नाही. ह्या घड्याळाचं झाकण उघडलं की उत्तर कसं तयार होतंय ते तुमच्या डोळ्यासमोर घडतं, आणि थोडे दिवस बघत राहिलात तर ते तुम्हाला कळतं, कुणाला सांगता पण येतं. माझी पुतणी सातवीत असताना मी तिला हे दाखवलं, तिनं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली काका हे पायऱ्या मोजतंय. बरोबर ओळखलं पोरीनं.

सुरुवात कॉम्प्लिकेशनपासून करू नका

हे मनापासून सांगतोय. आधी एक साधं किल्लीचं खिशातलं घड्याळ घ्या आणि सहा महिने वापरा. घरात जुनं असेल तर तेच. आपल्याकडच्या घरात वेस्ट एंडचं निघतं, ह्या कंपनीची मुंबई-कलकत्त्याला दुकानं होती, फौजेत आणि रेल्वेत त्यांची घड्याळं असायची. किंवा रोस्कॉफ पद्धतीचं निघतं, हे मुद्दाम कामगाराला परवडावं म्हणून काढलेलं, १८६७ च्या सुमाराचं डिझाईन, ५७ च भाग. विकत घ्यायचं तर जुनं एचएमटीचं बघा, रशियाचं मोलनिया मिळतं १८ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते बारके खडे), दणकट असतं. नवीन घ्यायचं असेल तर युनिटास ६४९७ किंवा ६४९८ मशीनवर चालणारं, किंवा त्याच डिझाईनवर चीनमध्ये बनणारं मशीन असलेलं घ्या, हे मशीन मुळात खिशातल्या घड्याळासाठीच काढलेलं, मोठं आहे, ३६.६ मिलिमीटरचं, त्यामुळे सगळं नीट दिसतं आणि कुठल्याही जाणत्या कारागिराला ते माहीत असतं.

सहा महिन्यांत काय होतं, तर रोज किल्ली द्यायची सवय लागते, घड्याळ किती चुकतं ते कळतं, टिकटिक बिघडली की कानाला जाणवायला लागते. ही सवय नसताना रिपीटर, म्हणजे खिटी सरकवली की ठोक्यांनी वेळ सांगणारं घड्याळ, घेतला तर नुकसान ठरलेलं.

आणि घ्यायच्या आधी चांगल्या गोष्टी डोळ्याखालनं घाला. हैदराबाद आपल्याला लांब नाही, लग्नाच्या खरेदीला लोक जातातच, तर सालारजंग म्युझियममध्ये घड्याळांचं दालन आहे तिथं दोन तास काढा. दर तासाला बाहेर येऊन ठोके देणारा बाहुला बघायला सगळी गर्दी जमते, ते बघाच, पण नंतर बाकीची घड्याळं पण शांतपणे बघा.

कुठलं कॉम्प्लिकेशन घ्यायचं

पर्पेच्युअल, टूर्बियाँ, मिनिट रिपीटर हे आपल्यासारख्याच्या खिशाला झेपणारं नाही, ते कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि आनंद घ्यायचा. आवाक्यात येणारी तीन आहेत. एक स्टॉपवॉच म्हणजे क्रोनोग्राफ. दोन, साधं कॅलेंडर आणि चंद्र, १९०० च्या आगेमागे स्वित्झर्लंडमध्ये काळ्या गनमेटलच्या केसमध्ये अशी पुष्कळ निघाली. आणि तीन, क्वार्टर रिपीटर, तास आणि पाव तास वाजवणारा. तिसरं सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक, पण माझा जीव त्याच्यातच आहे.

माझी पहिली खरेदी फसली ती सांगतो. ऑनलाइन एकाकडनं "जुनं रेल्वेचं क्रोनोग्राफ" म्हणून घेतलं, डायल एकदम चकचकीत, त्यावर इंजिनाचं चित्र आणि रेल्वेचं नाव, फोटोत फार देखणं दिसत होतं. मशीनचा फोटो मागितला तर म्हणाला झाकण घट्ट आहे, उघडत नाही. मी गप्प बसलो आणि पैसे पाठवले. घरी आल्यावर चाचांनी अर्ध्या मिनिटात उघडलं, डायल अलीकडं रंगवलेलं, मशीन दुसऱ्याच घड्याळाचं आणि वरचं बटण नुसतं दिसायला, आत कशालाच जोडलेलं नाही. साडेसहा हजार गेले. त्याची लई हळहळ वाटली, पैशापेक्षा जास्त ह्याची की कुठलं तरी चांगलं घड्याळ मोडून हे सोंग बनवलं होतं.

तर पहिला नियम, मशीनचा स्वच्छ फोटो आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, झाकण उघडत नाही हे कारण ऐकायचंच नाही. डायल शंभर वर्षांचं आणि एक ओरखडा नाही असं असेल तर दहा वेळा विचार करा, इनॅमलच्या डायलवर केसासारख्या बारीक रेघा असतील तर उलट ते खरं असण्याची खूण समजा. झाकणाच्या आतला नंबर आणि मशीनवरचा नंबर बघा, सगळ्याच घड्याळात ते जुळायला पाहिजेत असं नाही, पण विकणाऱ्याला विचारा आणि काय सांगतो ते ऐका. मशीनच्या स्क्रूंच्या खाचा बघा, कडा फाटलेल्या असतील तर कुणीतरी अडाण्यासारखा पेचकस फिरवलाय.

घड्याळ हातात आलं तर मग असं तपासा. किल्ली न देता हलकेच हलवा, बॅलन्स मोकळा डोलला पाहिजे. चार-पाच वेळा किल्ली फिरवा, लगेच चालू व्हायला पाहिजे. डायल वर, डायल खाली, उभं, तिन्ही करून कानाला लावा, टिकटिकीची लय बदलू नये. क्रोनोग्राफ असेल तर चालू करून दहा मिनिटं तसाच ठेवा, काटा उड्या मारत असेल किंवा मूळ घड्याळच मंद पडत असेल तर आत झीज आहे. थांबवा, मग शून्यावर आणा, बरोब्बर शून्यावर यायला पाहिजे.

रिपीटर तपासायची रीत चाचांनी शिकवली ती अशी. आधी काटे बारा पन्नासवर आणायचे, कारण क्वार्टर रिपीटरला तेव्हाच सगळ्यात जास्त काम असतं, बारा ठोके आणि तीन डिंग-डाँग, स्प्रिंग थकलेली असेल तर शेवटाला आवाज ओढत जातो किंवा मधेच बंद पडतो. (मिनिट रिपीटर कधी हातात आलाच तर बारा एकोणसाठ, त्यात वर अजून चौदा मिनिटांचे ठोके.) मग एक वाजून पाच करायचे, एकच ठोका पडला पाहिजे. मग तासातासानं पुढं नेत बाराही तास वाजवून बघायचे, घाई करायची नाही, कारण प्रत्येक तासाची पायरी वेगळी आहे आणि एखादीच झिजलेली असू शकते. सगळ्यात खोल पायरी बाराची, सगळ्यात वरची एकची, दांडा जेवढा खाली पडेल तेवढे जास्त दात हातोडीसमोरनं जातात. काटे कायम पुढंच फिरवायचे, मागं कधीच नाही.

माझा रिपीटर ह्याच चाचांच्या ओळखीनं मिळाला, चांदीचा, डायलला आठाच्या आकड्यापाशी तडा, म्हणून परवडला.

वापरताना

किल्ली रोज एकाच वेळेला, शक्यतो सकाळी. दिवसभर खिशात धक्के बसतात तेव्हा स्प्रिंग भरलेली असलेली बरी. हळू फिरवायची आणि अडली की थांबायचं, जोर काढायचा नाही. बहुतेक घड्याळं तीस-छत्तीस तास चालतात म्हणून एक दिवस उशीर झाला तर बंद पडणार.

झाकणाचं घड्याळ असेल तर खटकन दाबून बंद करू नका, पिक्चरमध्ये करतात ते फार वाईट. वरचं बटण दाबून धरा, झाकण टेकवा, मग बटण सोडा. असं नाही केलं तर आतली पकड झिजते आणि झाकण राहत नाही.

कुठं ठेवायचं, तर जीन्सच्या उजव्या खिशात जो बारका खिसा असतो तो मुळात ह्याच घड्याळासाठी आहे, पण आपल्याकडं गाडीवर बसून खड्ड्यातनं जायचं असतं, त्यात जुन्या घड्याळाला धक्क्यापासून संरक्षण नसतं. बॅलन्सच्या दांडीचं टोक केसाएवढं असतं, एकदा मोडलं की नवीन दांडी लेथवर करून घ्यावी लागते आणि ते करणारा माणूस आता शोधावा लागतो. म्हणून मी छातीशी ठेवतो, जाकिटाच्या खिशात, साखळी काजात अडकवून. आमचा आज्जा पण बंडीच्या आतल्या खिशातच ठेवायचा, तेव्हा कळत नव्हतं का ते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) गर्दीत मात्र नेऊ नका, घरीच ठेवा.

त्याच खिशात फोन ठेवायचा नाही. फोनमध्ये, स्पीकरमध्ये, पर्सच्या बटणात लोहचुंबक असतं, स्टीलची हेअरस्प्रिंग त्यानं भारली गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढं पळायला लागतं. अचानक असं पळायला लागलं तर साधं होकायंत्र जवळ न्या, सुई थरथरली तर भारलंय. चुंबकत्व काढायचं यंत्र प्रत्येक चांगल्या कारागिराकडं असतं, एक मिनिटाचं काम आहे, त्यासाठी मशीन खोलू देऊ नका.

रात्री खिळ्याला लोंबकळत टांगू नका. आत बॅलन्स हलतो त्याच्याबरोबर अख्खं घड्याळच बारीक झोके घ्यायला लागतं आणि वेळ बिघडते. मऊ कापडावर ठेवा किंवा स्टँडवर टेकून ठेवा, रोज सारखंच.

पुढं-मागं होत असेल तर आठ दिवस फोनशी ताडून वहीत लिहा, मगच मागं जी बारकी पट्टी असते ती हलवा, एफ किंवा ए कडं म्हणजे जलद, एस किंवा आर कडं म्हणजे सावकाश. अगदी केसभर. दिवसाला अर्धा मिनिट चुकणारं जुनं घड्याळ चांगलंच म्हणायचं, दिवसात ८६,४०० सेकंद असतात त्यातले ३० चुकले, आणि हे सगळं एका गुंडाळलेल्या पट्टीवर चालतंय.

आता सोलापूरचं म्हणून खास. उन्हाळ्यात आपल्याकडं ४३-४४ डिग्री सहज होतं, गाडीच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये घड्याळ ठेवलं तर आतलं तेल पातळ होऊन नको तिथं पसरतं आणि ज्वेल कोरडे पडतात. घरात भिंतीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. आणि ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी कापसाची बारीक धूळ सांभाळा, ती कुठनंही आत जाते, किल्लीच्या फटीतनं पण, आणि तेलाला चिकटून त्याचा चिखल होतो. मागाच्या खोलीत झाकण उघडायचंच नाही, मी पण हौसेनं एकदा तिथंच उघडून बसलो होतो, चाचांनी आतनं चिमट्यानं पांढरा धागा काढून माझ्या तळहातावर ठेवला, बोलले काहीच नाहीत. चार-पाच वर्षांनी सर्व्हिस करून घ्या, आणि देताना विचारा की हे पूर्ण खोलून साफ करणार का नुसतं तेल सोडणार, जुन्या तेलावर नवीन तेल सोडणाऱ्याकडं देऊ नका.

कॅलेंडर आणि चंद्र लावायची रीत

रात्री नऊ ते पहाटे तीन ह्या वेळात तारीख, वार, चंद्र कशालाही हात लावायचा नाही. त्या वेळी आतले दात एकमेकांत गुंतायला लागलेले असतात, बाहेरनं केसच्या कडेच्या बारक्या बटणावर टोचणी मारली की दात मोडतो. आधी काटे सकाळी सहावर न्या, मग बाकीचं करा. साध्या कॅलेंडरला वर्षात पाच वेळा हात लावावा लागतो, फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपले की.

चंद्रासाठी इंटरनेट लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पौर्णिमेच्या दिवशी टोचणीनं एकेक दाबत चंद्र खिडकीच्या मधोमध पूर्ण गोल आणा, झालं. पौर्णिमेपर्यंत धीर नसेल तर आधी गोल आणा आणि मागची पौर्णिमा होऊन जितके दिवस झाले तितक्या वेळा दाबा. पहिल्यांदा लावलं त्याच्यानंतर आषाढी आली, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, रस्त्यावर दिंड्या चाललेल्या, मी खिशातनं घड्याळ काढलं तर खिडकीत चंद्र जवळपास भरलेला, वर बघितलं तर ढगाच्या फटीत तसाच. एकादशी शुद्ध पक्षातली, म्हणजे असाच असणार हे माहीत होतं, तरी अंगावर काटा आला.

आता ह्यातली गंमत. चंद्राच्या चकतीला ५९ दात आणि दोन चंद्र काढलेले, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. आकाशातल्या चंद्राला लागतात २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं. ही ४४ मिनिटं साचत जातात आणि साधारण दोन वर्षं सात महिन्यांत घड्याळातला चंद्र पूर्ण एक दिवस पुढं गेलेला असतो. लक्षात कसं ठेवायचं, तर आपला अधिक महिना पण साधारण तेवढ्याच अंतरानं येतो, साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास. दोन्हीचं गणित वेगळं आहे पण अंतर जुळतं. म्हणून अधिक महिना आला की मी चंद्र तपासतो, २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा तपासला, पुढचा २०२६ चा अधिक ज्येष्ठ. चकती मागं फिरत नाही, मग एक दिवस मागं आणायचं कसं, तर घड्याळ पूर्ण बंद पडू द्यायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, मग किल्ली देऊन तारीख आणि वार टोचणीनं पुढं घ्यायचे आणि चंद्राला हात लावायचा नाही. आई ह्याला घड्याळाचा उपास म्हणते.

रिपीटर सांभाळणं

खिटी सरकवायची ती शेवटपर्यंत, एका दमात, आणि मग सोडायची. अर्धवट सोडली तर चांगल्या घड्याळात आतली एक पट्टी ठोकेच पडू देत नाही, कारण अर्धवट ओढीला खोटी वेळ वाजू नये, वाजेल तर पूर्ण खरी नाहीतर अजिबात नाही. स्वस्त घड्याळात ही सोय नसते. वाजत असताना काटे फिरवायचे नाहीत, किल्ली द्यायची नाही, खिटीला पुन्हा हात लावायचा नाही. ठोक्यांच्या मागं बारीक भुर्रर्र असा आवाज येतो, घाबरू नका, ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या चाकाचा असतो तो. महिन्यातनं एखादवेळा तरी वाजवा, नुसतं ठेवलं तर तेल बसतं. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दहा-दहा वेळा वाजवून दाखवू नका, हातोडीचे सांधे बारीक असतात.

ही यंत्रं निघाली तेव्हा घरात विजेचे दिवे नव्हते, रात्री वेळ बघायची तर आधी दिवा पेटवायचा. इंग्लंडमध्ये १६८७ मध्ये बार्लो आणि क्वेअर ह्या दोघांचा रिपीटरवरनं वाद झाला तो थेट राजापर्यंत गेला. बार्लोच्या घड्याळाला तास आणि पाव तासासाठी दोन वेगवेगळ्या खिट्या दाबाव्या लागत, क्वेअरच्या घड्याळाला एकच, आणि राजानं क्वेअरचं पसंत केलं. अंधारात चाचपडताना एकच खिटी बरी, हे मला मागच्या मे महिन्यात नीट पटलं.

रात्री लाईट गेली होती, गच्चीवर सगळे झोपलेलो, वारं नाही, फोनची बॅटरी संपून बंद. आई जागी झाली, म्हणाली किती वाजले रे. मी उशाखालच्या डब्यातनं घड्याळ काढलं, अंधारातच अंगठ्यानं खिटी शेवटपर्यंत नेली आणि सोडली. दोन ठोके, मग तीन डिंग-डाँग. आई अंधारात मोजत होती. म्हणाली, "पावणेतीन होऊन गेले की, ऊठ, नळाला पाणी सुटंल आता, घागरी लाव."